अंबाड्यातली ढलपी

नातीच्या पाळण्यासाठी मी चिंचवडच्या लाकडाच्या वखारीत आफ्रिकेतली लालबुंद फळी निवडत होतो. शेजारी उभ्या असलेल्या नऊवारीतल्या अनोळखी बाई त्या फळीवरून तळहात फिरवत राहिल्या, मग डोळे मिटून त्यांनी वास घेतला. कशासाठी हवी, असं त्यांनी विचारल्यावर मी पाळण्याचं सांगितलं.

"लई देखणं हाय," त्या म्हणाल्या, "पर तिकडचं जंगल उजाड करून आपण इथं पाळणं हलवायचं व्हय? आमच्या रहाटणीच्या घराच्या दारातली बाभूळ वादळात पडली, वरीसभर वाळतीय. ती न्या."

मला पटलं. मी फळी जागेवर ठेवली.

आठवड्यानं वखारीत त्यांचा ओंडका चिरला, तर आतून तांबूस, तुकतुकीत निघाला. बाई लहान मुलीसारख्या हसल्या. सुतारानं रंधा मारताच निघालेली एक कुरळी ढलपी त्यांनी अंबाड्यात फुलासारखी खोवली आणि मला विचारलं, "शोभतीय का?"