काकूंचा शेवटचा फटका

बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसवर बाई उभी राहिली, तर कुणाचं काय बिघडतं? ग्लोव्हच्या चामड्याला तेल लावलं, की त्या वासाने मला लंडनजवळच्या हॅरोचं मैदान आठवतं. ज्यांना क्लबने आधी बाई म्हणून स्कोअर लिहायला बसवलं होतं, त्या आमच्या काकूंची ती शेवटची बेसबॉल मॅच होती आणि जिंकायला एकच धाव हवी होती. काकूंनी चेंडू थेट झाडांपलीकडे धाडला आणि क्रिकेटच्या जुन्या सवयीने बॅट उंचावून तिथेच उभ्या राहिल्या. “अहो काकू, पळा! चारही बेसना पाय लावल्याशिवाय धाव नाही!” मी ओरडले. “अगं, सिक्सरला कोण पळतं?” म्हणत त्या खदखदून हसल्या आणि साडेपाच फुटांचा तो आनंद चारही बेस फिरून आला. आज काकूंचा तो ग्लोव्ह आणि तिसऱ्या बेसवरची त्यांची जागा माझी आहे. या रविवारी तुमच्या मुलीला मैदानावर आणा, स्कोअर लिहायला नाही, फटके मारायला.