पुसदच्या वाटेवरचा उतार

काचबिंदूनं माझी नजर कडेकडून खात आणली होती. आधी दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं, मग पायाखालचं. समोरचं तेवढं उरलं, तेही नळीतून पाहावं तसं. यवतमाळला पाटबंधारे खात्यात मी नकाशे काढायचो. ते काम सुटलं, मोटारसायकल सुटली, आणि गेलेली नजर परत येत नसते हे डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितल्यावर मी घराबाहेर पडणंही जवळजवळ सोडलं.

दर हिवाळ्यात आमचा सायकलवाल्यांचा एक घोळका सफरीला निघायचा. यवतमाळहून आर्णी, महागाव, मग डोंगरातून पुसद, आणि दिग्रसवरून परत. मी नेहमी जायचो. त्या वर्षी मी नाही म्हणून कळवलं, तर माझा शाळेपासूनचा दोस्त आर्णीकडून थेट घरी आला. त्याची तिकडे शेती आहे, कापूस आणि तूर. वेचणीचे दिवस सोडून तो आला होता.

"चाल," तो म्हणाला. "मी समोर राह्यतो, तू माह्या मागं."

"आन् गड्डा आला तर?"

"सांगतो ना मी. तोंड कायले देल्लं देवानं?"

मी गेलो. पहिला दिवस खरोखर बरा गेला. तो भगवा शर्ट घालून पुढं आणि त्याच्या पाठीवर नजर रोवून मी मागं. "डावीकडे गड्डा", "बैलगाडी आहे", "आता चढ" असं तो ओरडत राहायचा. तुरीला फुलं आली होती. ती मला दिसायची तीही तुकड्यातुकड्यानं, मान फिरवून फिरवून पाहिली तर.

दुसऱ्या दिवशी महागाव सोडल्यावर मोठ्या रस्त्याला ट्रक फार लागले. प्रत्येक ट्रकच्या हवेनं मी डगमगत होतो. मला कडेचं दिसत नसल्यामुळं ट्रक अंगावर आल्यावरच कळायचा. दोस्तानं सायकल थांबवली. बाकीचे पुढं निघून गेले होते, सामानाचा टेम्पोही त्यांच्यासोबत.

"आतून जाऊ," तो म्हणाला. "डोंगरातला रस्ता आहे, ट्रक नाई येत तिकडे. त्यायले पुसदले भेटू."

त्या रस्त्यावर खरंच कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. सावली आणि ऊन रस्त्यावर असं मिसळलं होतं, की मला खड्डा कोणता आणि सावली कोणती ते कळेना. चढ संपला तेव्हा आम्ही दोघंही घामानं निथळत होतो. मग उतार लागला.

"हळू ये गा," तो ओरडला. "ब्रेक धरून ठेव."

एका वळणावर भगवा शर्ट माझ्या नळीतून बाहेर गेला. त्याच क्षणी रस्त्यावर लोखंड घासल्याचा आवाज आला, झुडपं मोडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी दोन्ही ब्रेक आवळले. माझं चाक गिट्टीवर सरकलं, पण मी पाय टेकवून उभा राहिलो. रस्त्याच्या कामाची गिट्टी वळणभर सांडलेली होती.

मी त्याला हाक मारली. समोर नुसता रस्ता होता. मी मान इकडून तिकडे फिरवत राहिलो, कंदील फिरवावा तशी. झाडं, दगड, पुन्हा झाडं. माणूस कुठंच नाही.

"इकडे..." आवाज खालून आला, डावीकडून.

मी सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकली आणि बसून, घसरत, हातानं चाचपत खाली उतरलो. माझा हात आधी त्याच्या सायकलला लागला, मग त्याच्या पोटरीला. तो नाल्याच्या उतारावर एका झाडाला अडकून पडला होता. मांडीपाशी हात नेला तर तो असा ओरडला, की मी हात मागं घेतला. पँट ओली होती. ते रक्त आहे हे मला वासावरून कळलं.

त्याचा फोन सापडला नाही. माझ्या फोनला रेंज नव्हती. मी गळ्यातला पंचा काढून जखमेवर घट्ट बांधला आणि त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली.

"तुले जा लागते," तो म्हणाला.

"कसा जाऊ? मले दिसत नाई बे."

"उतारानं जा. खाली तांडा आहे. वरून धूर दिसला मले."

"आन् तू?"

तो दात आवळून पडून राहिला. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर मी उठूच शकलो नसतो.

वर रस्त्यावर आलो आणि चालायला लागलो. सायकलवर बसायची हिंमत नव्हती. एक पाय डांबरावर आणि एक कडेच्या मुरुमावर ठेवायचा, दोन्हींचा फरक पायाला कळतो, त्या हिशेबानं चालायचं. घाई केली की अडखळायचो, आणि हळू चाललो की वाटायचं, तो तिकडे संपला असेल. एका पुलाशी कठडा तुटलेला होता. माझा पाय अधांतरी गेला आणि मी गुडघ्यावर आपटलो. चष्मा उडाला. तो शोधण्यात किती वेळ गेला मला माहीत नाही. रस्त्यावर रांगत, गिट्टी चाळत, मी मोठ्यानं रडत होतो. ऐकायला कुणी असतं तरी मला लाज वाटली नसती.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवले. "थांबा! थांबा हो!"

ती माझ्या बाजूनं वळसा घेऊन निघून गेली. मागं बसलेला म्हणाला, ते स्पष्ट ऐकू आलं, "लय पेला आहे थो."

चष्म्याची एक काच फुटली होती. उरलेल्या काचेतून पाहत चाललो. शेवटी धुराचा वास आला, कोंबड्या ऐकू आल्या, कुत्रं अंगावर आलं. मी थांबून ओरडायला लागलो. माणसं जमली तसं त्यांचं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलणं कानावर आलं. मला ते कळत नव्हतं, पण दारू हा शब्द कळला.

"मी पेलेला नाई," मी हात जोडले. "मले दिसत नाई. माहा दोस्त वर पडला आहे, नाल्यात. मरून जाईन तो."

एक म्हातारी पुढं आली. बाकीचे तिला याडी म्हणत होते, म्हणजे आई. तिनं माझं मनगट धरलं, माझे रक्ताळलेले हात पाहिले आणि ओरडून काहीतरी सांगितलं. ट्रॅक्टर निघाला, ट्रॉलीत बाज टाकली. म्हातारीही चढली.

"कोणत्या वळणावर?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

मला सांगता येईना. सगळी वळणं मला सारखीच होती. "सायकल आहे कडेले, आडवी," मी म्हणालो. पण सायकल कुणालाच दिसली नाही. ती मी तिथंच टाकली होती की घसरून खाली गेली, की कुणी नेली, मला आजही माहीत नाही. ट्रॅक्टर चढत राहिला. चढ संपला, सपाटी आली, म्हणजे आम्ही पुढं निघून आलो होतो. मी इंजिन बंद करायला लावलं आणि त्याच्या नावानं ओरडत उतारावर मागं चालत निघालो. उत्तर आलं नाही. त्या वेळी मला वाटलं, आता शोधू नये. सापडला नाही तर निदान तो मेला हे तरी कळणार नाही.

हाक आली ती म्हातारीची. ती कडेनं चालत मोडलेली झुडपं पाहत गेली होती. तो बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता.

पुसदच्या दवाखान्यात त्याला आत नेलं, मग तिथून यवतमाळला. सफरीतले सगळे जमले होते. कुणी चहा आणून हातात दिला, तो तसाच थंड झाला. त्याची बायको, आमच्या वहिनी, शेतातूनच आल्या होत्या, पदराला कापूस चिकटलेला. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही होते ना त्यायच्या संग? तुम्ही पाह्यलं नाई का, भाऊजी?"

त्यांना माझ्या डोळ्यांचं माहीत होतं. पण त्या वेळी त्या ते विसरल्या होत्या.

त्याच्या मांडीत सळी टाकली. पाय वाचला, पण आखूड राहिला. आता तो काठी घेऊन बांधापर्यंत जातो, वेचणीला मजूर लावतो. माझी नळी आणखी बारीक झाली आहे, एका डोळ्याची तर गेलीच. मी बसनं आर्णीला जातो, तो फाट्यावर कुणाला तरी पाठवतो.

लोक म्हणतात, मी त्याला वाचवलं. मागच्या वेळी त्याच्या ओसरीवर कुणीतरी पुन्हा तेच बोललं. तो माणूस गेल्यावर दोस्त माझ्याजवळ सरकला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तू गेला ना, तवा मले वाटलं, हा काही परत येत नाई."

"मलेही तसंच वाटत होतं," मी म्हणालो.

मग वहिनींनी आतून जेवायला हाक मारली. तो काठी शोधायला लागला आणि मी भिंत धरून उठलो.