फारकतीच्या कागदावरचा साक्षीदार

भूत, करणी, उतारा यातलं काही आमच्या घरात चालत नाही. वडिलांनी लहानपणीच बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, आणि मी त्या नुसत्या म्हणत नाही, पाळते. या पेजवरचे भुताखेताचे अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसले आहे. आता तुम्ही माझ्यावर हसा... पण पूर्ण वाचून हसा.

हिंगोलीत घराच्याच पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. माझे मिस्टर एस.टी.त मेकॅनिक. शांत, निर्व्यसनी माणूस. नाद एकच – एका रॉक गाणाऱ्या बाईच्या सह्या जमवायचा. ती मूळची कळमनुरीकडची. खरं नाव सांगत नाही, आपण तिला रेवा म्हणू. आधी जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं गायची, मग पुण्याला गेली, केस कापले, गिटार घेतली, बँड काढला. मधली काही वर्षं तिची फार वाईट गेली – स्टेजवर मारामारी, अटक, जामीन, रेकॉर्ड कंपनीशी भांडण, नवऱ्याशी बिनसलं. आता तिचं मोठं नाव झालं, तर लोक त्याच वाईट दिवसांचे कागद जमवतात. जामिनाचं बंधपत्र, प्रतिज्ञापत्र, मोडलेला करार... जुन्या वकिलांच्या ऑफिसातल्या प्रती. खाली तिची सही असली की झालं. या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा आहे.

फोटोवरची सही यांना नको. म्हणायचे, "फोटोवर तं ती हसत सही करते. जामिनाच्या कागदावर तिचा हात कसा थरथरला, ते पाह्य." आणि मला दाखवायचे. मी पाहायचे. माझा हात कधी थरथरला, हे त्यांना माहीत नाही.

स्पष्टच लिहिते, मी जळत होते. कॉलेजात असताना एका जयंतीला यांनी तिच्या मागे ऑक्टोपॅड वाजवला होता, एकदाच. तिला आठवतही नसेल. पण आमच्या कपाटात माझ्या साड्यांच्या वरचा अख्खा कप्पा तिचा. तिच्या कागदांत वाळवी लागू नये म्हणून डांबरगोळ्या, माझ्या साड्यांत मात्र मीच ठेवल्या तर.

मग नांदेडच्या एका वकिलाच्या कारकुनाकडून तिच्या फारकतीचा कागद आला. आमच्याकडे कोर्टात जायच्या आधी दोन्हीकडची माणसं बसून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहितात, तसला. हा अर्धवट राहिला होता. तिची सही होती, नवऱ्याची नव्हती, साक्षीदारांच्या दोन्ही रेघा कोऱ्या. यांनी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत.

"एवढं काय हाय त्याच्यात?" मी विचारलं.

"तिनं एकटीनं सही केली," हे म्हणाले. "कोनी संगं नव्हतं तिच्या."

"मंग तुमी जायचं व्हतं."

यांनी फोन उचलून ग्रुपवरचे मेसेज वाचायला घेतले. नुसतं 'न्हाई' म्हणाले असते तरी मला पुरलं असतं.

आमच्या गावात माणूस जातीचा दाखला मिळाला की तडक लॅमिनेशनला येतो. प्लास्टिक चढलं की कागदाला इज्जत आली, असं आम्ही समजतो. जमवणाऱ्यांचं उलटं. प्लास्टिक एकदा वितळून चिकटलं की निघत नाही, कागद बाद. हे मला यांनी शंभरदा बजावलं होतं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर गेल्यावर मी तो कागद काढला. भर दुपारी, समोरून मोंढ्याच्या बाजाराकडे हळदीचे टेम्पो जात असताना. पाऊचमध्ये घातला, कोपरे सारखे केले, मशीनला लावला.

बाहेर आल्यावर बुडबुडे राहिले का म्हणून उजेडात धरला. साक्षीदार क्रमांक एकच्या रेघेवर सही होती – माझी. लग्नाआधीची. सुनंदा खिल्लारे. निळ्या बॉलपेनची, शेवटी लांब रेघ आणि खाली दोन टिंबं, दहावीत मी स्वतः बसवलेली. लग्नानंतर आडनाव बदललं, बँकेसाठी सही साधी करून टाकली. ती जुनी पुन्हा कधी केलीच नव्हती.

पाऊचमध्ये घालताना रेघ कोरी होती, मी पाहिली होती. यांच्या फोनमधल्या फोटोतही कोरीच आहे. प्लास्टिक चारी बाजूंनी बंद. तशी सही मी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर करून पाहिली, किती वेळा ते विचारू नका. येत नाही. शेवटची ती रेघ आता माझ्याच्यानं लांबत नाही.

आईला फोन लावला. "आई, लग्नाच्या आधी म्या कोनाच्या फारकतीला सही केली व्हती का?"

आई चिडलीच. "डोकं फिरलं का तुहं? बिनलग्नाच्या पोरीला फारकतीत कोन बसवते? बैठकीतून उठवून देतेत."

तिचं बरोबर होतं.

संध्याकाळी मी कागद मिस्टरांसमोर ठेवला. "म्या केलं लॅमिनेशन. मुद्दाम." वाटलं, आज घर डोक्यावर घेतात. पण हे बराच वेळ प्लास्टिकवरून त्या रेघेवर बोट फिरवत राहिले.

"ही तुही सही?"

"व्हय."

"मला कधी दाखवली न्हाई."

"तुमी इचारली कधी?"

यांनी नवा फोटो ग्रुपवर टाकला, तर ग्रुपवाले म्हणाले, कागद वाया गेला, बायकोनंच आधी पेन चालवला असंल. यांनी ग्रुप सोडला. बाकीचे सगळे कागद एकेक करून देऊन टाकले. ठेवला फक्त हा.

शाई, मशीनची उष्णता, माझंच डोकं – सगळी कारणं लावून पाहिली, एकही बसत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. कप्पा माझा झाला, आठवडाभर मी खूश होते, हे कबूल. पण आता हे रोज डेपोतून आले की तोच कागद मांडीवर घेऊन बसतात. त्या सुनंदा खिल्लारेला मी जवळून ओळखते. तिच्यात एवढं पाहण्यासारखं काही नव्हतं.

काल मी मुद्दाम पुढ्यात जाऊन उभी राहिले. "कोनाची सही पाहून राहिले?"

"तुही."

"म्या हितं हाय."

"व्हय," हे म्हणाले. मान वर केली नाही.