आबांचा जोडीदार

शहरात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा नारळ फोडायच्या आधी आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्या हातात झाडू दिला. "उलटा धर अन् दांड्यानं छत ठोक." मी ठोकत गेलो, हे स्टुलावर चढून छताला तळवा लावून उभे! सगळ्या खोल्या झाल्यावर म्हणाले, "पक्कं हाय. आता फोड नारळ." बिल्डर आ वासून बघत राहिला.

आबा सिल्लोडकडचे, मेंढरांमागं वाढलेले. पण उमर गेली चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत. तिथं काम जोडीनं. एकानं पहारीनं छत ठोकायचं, दुसऱ्यानं हात लावायचा. आतला दगड सुटला असला तर तळव्याला थरथर कळते. पहार जोडीदाराची, हात आबांचा. एकदा आबा गावच्या जत्रेला आले, जोडीदार एकटाच खाली उतरला, अन् छत त्याच्यावर आलं. पुढं आबांनी नोकरी पुरी केली, पण त्याच्या बायकोच्या दारात काही गेले नाहीत. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणायचे.

खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. यंदा तिच्या तोंडाशी स्मारक झालं. चौथऱ्यावर कोळसा वाहायचा डबा, त्याखाली खाणीत मेलेल्यांच्या नावांची फरशी. बोलावणं आलं अन् आबांचा गुडघा दुखायला लागला. लई लांब हाय, ऊन लई हाय. मी भडकलोच. "आबा, बास झाली नाटकं! ती बाई काय खाणार हाय का तुम्हाला?" गुलमंडीच्या बाजारातून नवी टोपी आणली, आबांना गाडीत घातलं अन् निघालो.

तिथं सगळे हार घालायला पुढं, आमचे आबा गाडीमागं. एक वाळकी म्हातारी गर्दीतून सरळ आमच्याकडं आली. आबांनी टोपी काढून हातात घेतली. मला लई वाईट वाटलं. उगाच आणलं यांना, असं झालं.

"भाऊजी, किती वाट पाहाले लावली मले?" म्हातारी म्हणाली. "माह्यं माणूस खाणीनं नेलं, त्यात तुमचा काय दोष? पण हे पोरगं पाळण्यात होतं. खाणीत बाप कसा होता हे त्याले सांगणारे तुम्ही एकटेच. अन् तुम्हीच आले नाही!"

तिच्यामागं तिचा मुलगा उभा होता, केस पिकलेला. त्यानं गाडीचं दार उघडलं, आबांना धरून आत बसवलं अन् त्यांच्या पायाशी टेकला.

"सांगा न काका," तो म्हणाला, "माहे बाबा हसायचे कसे?"