तिसऱ्या सिलिंडरची टकटक

त्यांना सगळे कानमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता. पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला आणि मूठ डाव्या कानाला टेकवून ते सांगत, "दुसरा व्हॉल्व्ह सैल आहे," आणि उघडून पाहिलं की तोच सैल निघे. इंजिन खोलण्याआधी ते आपलं निदान भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहीत. काम संपेपर्यंत त्या अक्षरांना बोट लावायचं नाही, हा नियम. एकतीस वर्षांत पाटी मध्येच पुसावी लागली नव्हती.

त्या सोमवारी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची जीप आली. जीप चोवीस वर्षांची. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत दुसरी गाडी चढत नसे आणि दुसरा डॉक्टरही. धूर सोडत होती, तेल पीत होती. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि पाटीवर लिहिलं : 'फक्त पिस्टनच्या रिंगा. खालचं सगळं ठीक.'

बाईंचे जावई बरोबर होते. "मला खालून टकटक ऐकू येतेय," ते म्हणाले. "मी म्हणतो, हे इंजिन काढूनच टाका ना. माझ्या ओळखीत एक मोठं मिळतंय, नव्या मॉडेलचं. दुप्पट ताकद!"

"जावईबापू, तुमच्या खिशात फोन थरथरत असेल."

शेजारचा टायरवाला खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. निघताना त्यांनी पिशवीतून एक जुना स्टेथोस्कोप काढून बॉनेटवर ठेवला. "दोन दिवस राहू दे इथे," एवढंच म्हणाल्या.

गॅरेज रिकामं झालं तरी मास्तर त्या नळीकडे बघत बसले होते. डावा कान दीड वर्षापूर्वीच गेला होता, आणि बायकोशिवाय ते कोणाला ठाऊक नव्हतं, अशी त्यांची समजूत. तेव्हापासून धूर, वास आणि मुठीला लागणारी थरथर यांवरच निदान चालत होतं. उजव्याने बरं ऐकू येई. पण इतक्या वर्षांनी बाजू बदलली तर लोक काय ते ओळखतील. बायको यंत्र लावा म्हणून मागे लागली की ते म्हणत, "कानमास्तराने यंत्र लावायचं? म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा मागवायचा!"

शेवटी त्यांनी इंजिन चालू केलं, नळ्या दोन्ही कानांत घातल्या आणि चकती इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या टाकीला टेकवली. पहिला सिलिंडर ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याखाली मात्र बंद दारावर कोणी बोटाच्या पेराने दबकत ठोठावावं, तशी टकटक.

बेअरिंग गेलं होतं. नुसत्या रिंगा घातल्या असत्या तर जीप महिनाभर मजेत धावली असती आणि मग एखाद्या चढावर इंजिन फुटून थांबली असती. बाई एकट्या, जवळ चिटपाखरू नाही.

गुपचूप बेअरिंग बदलून टाकावं, हाही विचार मनात आला. पण आता अख्खं इंजिन खोलावं लागणार होतं. तेच दुरुस्त करून पुन्हा बांधायचं की बदलायचं, हे बाईंना विचारल्याशिवाय कसं ठरवणार?

बुधवारी बाई आल्या. नेहमीसारख्या मास्तरांच्या उजवीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, माझा शब्द चुकला. खालचं बेअरिंग गेलंय."

"म्हणजे जावयांचं खरं?"

"टकटकीचं खरं. इंजिनाचं नाही. मोठं इंजिन जड. ते बसवलं की पुढच्या स्प्रिंगा बदला, मग गिअरबॉक्स, मग ब्रेक. एवढं करून ओल्या उतारावर गाडी नाक खाली घालणार. तुम्हाला वर पोचायची घाई असते का?"

"छे. गाय काही पळून जात नाही."

"मग हेच बांधू. क्रँकचा दांडा घासून, नवी बेअरिंगं, नवे पिस्टन. क्रँकला तडा निघाला तर मात्र जावयांना फोन करा. पंधरा दिवस लागतील."

"जाईन तोवर पायथ्यापर्यंत दुधाच्या गाडीने, पुढे पायी."

मास्तर घुटमळले. "आणखी एक. माझा डावा कान..."

"वर्षभर मी तुमच्या उजवीकडे उभी राहतेय, मास्तर. तुम्हाला काय वाटलं, तिथे सावली असते म्हणून?"

मास्तरांनी बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं : 'तिसऱ्याचं बेअरिंग. इंजिन बांधणे.' टायरवाला दारात उभा राहून बघतच राहिला.

शुक्रवारी इंजिन खोललं. तिसऱ्याचं बेअरिंग झिजून तांबं दिसत होतं. क्रँक धड होता. मास्तरांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. गळ्यातला स्टेथोस्कोप बघून म्हणाली, "अगं बाई! आता सुयासुद्धा टोचणार की काय?"

मास्तरांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

तिने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने. टायरवाल्यालाही ऐकू गेलं.

"आधी माझा नंबर," मास्तर म्हणाले. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. येशील ना?"