बुधवारचा अभिजित

इंदू मुळेला किळस फार. काशीत जन्माला यायचं आणि किळस फार असायची, हा एक जन्मभराचा छळच म्हणायचा. ब्रह्माघाटाच्या गल्लीतून नुसतं बाहेर पडायचं तरी आधी सांडाचं शेण, मग पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला कोपरा, मग परवाच्या झेंडूचा कुजका ढीग. आणि या सगळ्यातून धोतर सावरत 'महादेव, महादेव' म्हणत जाणारी माणसं, ज्यांना त्यातलं काही म्हणता काही दिसत नाही! इंदूला सगळं दिसे. एकोणसाठ वर्षं ती नाकाला रुमाल लावून त्या गल्लीतून आली-गेली. गल्लीने तिचं नाव 'नकचढी मास्टरनी' ठेवलं होतं. इंदू म्हणे, ठेवेनात का.

मास्टरनी ती खरोखरच होती. मुलींच्या तंत्रशाळेत तीस वर्षं तिने कानस धरायला, पत्रा कापायला, सांधे जोडायला शिकवलं. लग्न केलं नाही. थोरला भाऊ श्रीराम आणि ती, दोघंच घरात. त्यांचे वडील दिनानाथशास्त्री पंचांग करत आणि मुहूर्त काढून देत. कडक माणूस. एखादा मोठा यजमान म्हणाला की शास्त्रीबुवा, तेवढं लग्न रविवारी बसवा, तर आप्पा पंचांग मिटून म्हणत, "यात नाही ते माझ्याकडे नाही." मग वहाणा घालून यजमान दुसरीकडे जाई आणि त्या महिन्यात घरात तूप येत नसे. आप्पांच्या मागे ती गादी श्रीरामने चालवली.

इंदूला सगळ्या जगाची शिसारी, पण एका गोष्टीची नव्हती. रोज संध्याकाळी पूजा आटोपली की दादा पळीने तिच्या तळहातावर तीर्थ घाली, आणि ती ते डोळे मिटून पिई. पाणी त्याच गंगेचं, जिच्यात काय काय सोडतात ते तिने हयातभर पाहिलेलं. एरवी ती त्यात बोट बुडवणार नाही. पण दादाच्या हातचं ते तीर्थ होतं. तिथे तिचं नाक गप्प बसे.

विमानाचं खूळ जुनं. कॉलेजात असताना एनसीसीत ती ग्लायडर उडवायला शिकली होती, आणि वर गेल्यावर पहिला विचार तिच्या मनात आला तो हाच, की इथे कुणी थुंकत नाही. मग नोकरी, घर, आप्पांचं आजारपण यात वर्षं गेली. निवृत्त व्हायच्या आधी सहा वर्षं तिने शाळेच्या मागच्या शेडमध्ये काम सुरू केलं. अॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणून शिवलेलं शिडाचं कापड, आणि आकार म्हणाल तर नुसता एक पंख. धड नाही, शेपूट नाही. मधोमध खाली एक आसन, पाठीमागे पंखा, तो फिरवायला विजेची मोटर. पेट्रोल का नाही, असं कुणी विचारलं की ती तोंड वाकडं करी. "वर जाऊनसुद्धा घाणच हुंगायची?"

मोटर आणि बॅटरी मात्र तिच्या आवाक्यातली नव्हती. ती दिली एका गंगाभक्त मंडळाने. मंडळाचे अध्यक्ष अनिमेषबाबू. पांढरा झब्बा, तोंडात सदा पान, आणि बोलताना समोरच्याच्या अंगावर त्याचे शिंतोडे. गंगेवरची भक्ती अशी, की भाषण संपलं की गंगेतच पिचकारी. त्यांनी मोटर दिली ती एका अटीवर. मंडळाच्या उत्सवात विमानातून फुलं उधळायची, आणि मग विमान मंडळाच्या सभागृहात कायमचं टांगायचं. इंदूने दात आवळून हो म्हटलं.

तोवर तिने पैलतीरच्या रेतीवर पुष्कळ धावा मारल्या होत्या. जमिनीपासून हातभर वर, की लगेच खाली. खऱ्या उड्डाणाची परवानगी मिळायला आठ महिने लागले आणि मिळाली ती एवढीच: मे महिन्यातला एक बुधवार, सकाळी सहा ते दुपारी एक, रेतीवरून एकच उड्डाण. बॅटरी अर्धा तास चाले आणि पुन्हा भरायला सहा तास घेई. म्हणजे सहा वर्षांच्या कामाचा अर्धा तास, एकदाच. तो कुठल्या वेळी, एवढाच प्रश्न होता.

आणि तो प्रश्न इंदूसाठी जिवाचा होता. पहाटे रेती गार असते, हवा निजलेली असते. दहानंतर तीच रेती तव्यासारखी तापते आणि गरम हवेचे लोट वर फेकू लागते. शेपूट असलेलं विमान असले धक्के सोसतं. नुसत्या पंखाला सावरायला मागे काहीच नसतं. एक जोराचा धक्का बसला की तो नाकावर कोलांटी खातो, आणि एकदा उलटला की सरळ होत नाही. हे तिने अनिमेषबाबूंना तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान डोलवली आणि त्याच बुधवारी उत्सव ठेवून पत्रिका छापून आणली. मुहूर्त, दुपारी अकरा पन्नास. मुहूर्तकर्ते, पंडित श्रीराम मुळे.

मंगळवारी संध्याकाळी ती पत्रिका घेऊन दादासमोर बसली.

"दादा, अकरा पन्नास म्हणजे मध्यान्हीचा अभिजित मुहूर्त."

"हो. सगळ्या दोषांवर भारी. आप्पाच सांगायचे."

"आप्पा पुढे काय सांगायचे? अभिजित कुणालाही चालतो, फक्त बुधवारी चालत नाही. उद्या बुधवार आहे."

श्रीरामने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मेहमान साडेअकराच्या आधी येत नाहीत," तो म्हणाला. "अनिमेषबाबूंनी वक्त आधी ठरवला, मला फक्त नाव दे म्हणाले. आता एवढं कोण बघतं, इंदू? फालतूची जिद्द करू नकोस."

"मी त्या वक्ताला वर गेले तर मरेन. हे तुला सांगितलं होतं मी."

"तू घाबरतेस जास्त. महादेव आहे ना."

इंदू त्याच्याकडे पाहत राहिली. शास्त्र खरं की खोटं, या भानगडीत ती कधी पडली नव्हती. पण आप्पांनी तूप सोडलं, पंचांग सोडलं नाही. आणि हा त्याच गादीवर बसून पाहुण्याच्या गाडीच्या वेळेला मुहूर्त म्हणतो, तोही सख्ख्या बहिणीच्या जिवावर! ती उठली आणि त्या संध्याकाळी तीर्थाला थांबलीच नाही.

पहाटे ती नावेने पार गेली. रेतीवर सीता होती. काकडी-खरबुजाचे वेल लावून उन्हाळाभर तिथेच खोप घालून राहणारी, इंदूच्याच वयाची मल्लाहीण, नावाड्यांच्या घरची. धावांच्या वेळी पंखाचं टोक धरायला तीच येई. विमान दोरांनी आणि वाळूच्या पोत्यांनी जखडून ठेवलेलं होतं. सीताने ओढणीचं टोक हवेत धरून पाहिलं. ते सरळ खाली लोंबत राहिलं.

"हवा अबहीं सूतल बा, दिदिया," ती म्हणाली.

बरोबर सहाला दोघींनी दोर सोडले. सीता टोक धरून दहा पावलं पळाली आणि मग मागे राहिली. चाकांचा खडखडाट थांबला. इंदूला कळलं की आपण वर आहोत.

मोटरचा आवाज शिवणयंत्राएवढा. डाव्या हाताला सूर्य, उजवीकडे पाण्यापलीकडे सगळी काशी, ओळीने. हातातला वळवायचा दांडा अगदी बोटभर ओढला तरी पंख ऐके. इंदू रेतीच्या कडेने दक्षिणेला निघाली. शिंदे घाटाचं पाण्यात खचलेलं देऊळ मागे पडलं, आणि मणिकर्णिका आली. धूर सरळ वर उठून, मग आडवा पसरून तिच्यापर्यंत आला. तोच तो वास. तिला वाटलं होतं, एवढ्या उंचीवर तो येणार नाही. आला. नाल्याचं काळं पाणी गंगेत कसं शिरतं आणि किती लांबवर वेगळं दिसत राहतं, तेही वरून खालच्यापेक्षा स्वच्छ दिसलं. तिने नाक मुरडलं, आणि मग मोठ्याने हसली. एवढ्या खटाटोपाने वर आलो आणि घाण आणखीच नीट दिसली! पण हसताना डोळे भरून आले होते, कारण पंख अजिबात हलत नव्हता. तिने केलेला, तिने शिवलेला. असा आनंद तिला पूर्वी कधी झाला नव्हता आणि आता तो लपवायला भोवती कुणी नव्हतं. अहिल्याबाई घाटासमोर तिने वळण घेतलं आणि सव्वीस मिनिटांनी ती खाली उतरली. सीताने एक काकडी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. पुन्हा दोर बांधले, पोती ठेवली.

नऊला मंडळाची माणसं आली. मांडव, लाउडस्पीकर, पुरीच्या कढया. अकराला अनिमेषबाबू आले ते आल्या आल्या विमानाभोवती फिरले.

"दीदी, ये रस्सी-वस्सी हटवाइए. फोटो में गंदा लगता है."

गंदा! रेतीवर जिकडेतिकडे पत्रावळी उडत होत्या, आणि त्या माणसाला दोर गंदे दिसत होते. इंदू नको नको म्हणेपर्यंत चौघांनी दोर सोडले, पोती ओढून नेली. पाहुणे आले. श्रीरामने पूजा सांगितली. पंखाच्या पांढऱ्या कापडावर ओल्या कुंकवाची बोटं उमटली, आसनावर नारळ फुटला, त्याचं पाणी बॅटरीच्या पेटीवरून ओघळलं. माश्या जमल्या. इंदू नाकाला रुमाल लावून उभी राहिली.

"बैठिए दीदी," अनिमेषबाबू म्हणाले. "मुहूर्त हो गया."

"बॅटरी रिकामी आहे," इंदूने हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "परवानगी एका उड्डाणाची होती. ते मी सकाळी सहाला केलं."

एकच गलका झाला. अनिमेषबाबूंच्या तोंडातलं पान गालातच राहिलं. मग ते सावरून म्हणाले की ठीक आहे, निदान बसा तरी, फोटो होऊ द्या. दोघांनी तिला दंडाला धरून पुढे ढकललं. "आधी दोर बांधा," ती ओरडली, "दोर बांधल्याशिवाय मी बसणार नाही."

तेवढ्यात मांडवाची झालर फडफडली. तापलेल्या रेतीवरून एक वावटळ उठली, पत्रावळी गरगरत वर गेल्या, आणि पंखाचं नाक उचललं गेलं. हारांसकट तो पुरुषभर उंच गेला, तिथेच उलटा झाला आणि पाठीवर आपटला. नळ्या मोडल्याचा आवाज आला. आसन मोडक्या नळ्यांत पूर्ण चेपलं होतं. त्यात माणूस नव्हतं, एवढंच.

मग पाहुणे श्रीरामकडे बघू लागले, अनिमेषबाबू बघू लागले, आणि श्रीरामच्या हातात माइक होता. चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंड चाललं.

"मुहूर्त टाळून उड्डाण केलं," तो हिंदीत म्हणाला. "शास्त्राची अवज्ञा झाली. त्याचं हे फळ."

शंभरेक डोकी इंदूकडे वळली. ती चार पावलं पुढे गेली आणि तिथे फक्त एकाच माणसाला कळेल अशा भाषेत, मराठीत म्हणाली,

"दादा, आज वार कोणता?"

श्रीरामचा माइक खाली आला.

"क्या कह रही हैं?" अनिमेषबाबूंनी विचारलं.

"कुछ नहीं," श्रीराम म्हणाला. "घर की बात है."

त्या संध्याकाळी घरात रोजच्यासारखी पूजा झाली. घंटा वाजली, धूप फिरला. इंदू देवघराच्या दारात उभी होती, सवयीने. श्रीरामने पळी भरली आणि पुढे केली. त्याच्या नखांत दुपारचं कुंकू होतं.

इंदूने त्या पाण्याकडे पाहिलं. तिला नाल्याचं काळं पाणी आठवलं, धूर आठवला, आणि जन्मात पहिल्यांदा दादाच्या हातच्या तीर्थाची तिला किळस आली. तिने हात पुढे केला नाही. पळी थोडा वेळ तशीच धरून ठेवून त्याने ते पाणी पुन्हा पंचपात्रात ओतलं.