मुठीचं माप

सरकारं बदलली की माणसाचं काय होतं, हे सूर्याजी मोऱ्यांना विचारायला हवं होतं. पण ते काही सांगायचे नाहीत. "थकलो बुवा," एवढंच म्हणायचे आणि कूस बदलायचे.

पलटणीच्या सिलेखान्यात, म्हणजे तलवारी, संगिनी नि बंदुका जिथे ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या तिथे, त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. मग शिंद्यांचं संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, पलटणी मोठ्या फौजेत मिसळल्या. घ्यायचे त्यांना घेतलं. सूर्याजींना कुणा डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि घरी पाठवलं. "अरे, मला काय अक्षरं घासायची आहेत?" असं ते त्या डॉक्टरला म्हणाले नाहीत, घरी येऊन मंदाताईंना म्हणाले. मोठ्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही आणि घरी बायकोपुढे तलवार गाजवायची, ही शिंदे की छावनी या त्यांच्या वस्तीतल्या बहुतेक लष्करी घरांची रीतच होती.

त्यानंतर त्यांनी घरामागच्या पडवीत एक लहानशी भट्टी घातली, ऐरण मांडली, जाड फळीवर वस्तू आवळून धरायचा लोखंडी शेगडा ठोकला आणि गल्लीच्या विळ्या, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावायला बसले. दसरा जवळ आला की जुन्या घरांतून तलवारी यायच्या, गंज काढून पूजेला न्यायला. त्याही दर वर्षी कमीच होत गेल्या. कुणी विकल्या, कुणी माळ्यावर टाकल्या, कुणाच्या पोरांना लाज वाटायला लागली. सूर्याजी चिडायचे नाहीत. त्यांना चिडायचाही कंटाळा आला होता. फक्त एका गोष्टीचा कंटाळा आला नव्हता: आपला हात. डोळे गेले असतील, पण हात गेला नाही, असं ते मनाशी धरून होते. माणसाला धरायला काहीतरी लागतं.

छप्पन साली मध्यभारतही मोडीत निघालं. राजधानी भोपाळला चालली आणि मोतीमहालातल्या सरकारी दफ्तरांबरोबर कारकूनही चालले. त्यांत सूर्याजींचे जावई संभाजीराव होते. म्हणजे शरयूही जाणार. दसरा झाला की लगेच निघायचं ठरलं.

शरयू त्यांची एकुलती एक. सासर गावातच, हजिऱ्याला. आदल्या वर्षी टांगा उलटला त्यात तिचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला होता. खाली बसून विळीवर चिरणं तिला जमत नसे. सासरी जाऊबाई चिरून द्यायच्या आणि सासूबाई, उषाताई, त्यावर दिवसातून एकदा तरी बोलायच्या. भोपाळला सासूबाई बरोबर येणार, पण जाऊबाई नसणार. खुर्चीवर बसून, पाट टेबलावर ठेवून चिरता येईल अशी चांगली सुरी हवी. टोपी बाजारातल्या सुऱ्या सूर्याजींनी हातात घेऊन बघितल्या आणि परत ठेवल्या. "याने लोणी कापावं, तेही उन्हाळ्यातलं."

म्हणून ते स्वतःच बसले. झिजलेली एक जुनी विलायती कानस होती, तिचं पोलाद उत्तम. ती भट्टीत लाल करून हळूहळू ठोकत पातं लांबवलं, पाठ जाड ठेवली, धारेकडे निमुळतं आणलं. हातोडा चार वेळा उचलला की पाचव्यांदा खांदा बोलायचा. मग ते भिंतीला टेकून बसायचे. लोखंड थंड व्हायचं, पुन्हा भाता मारायचा. पातं तिळाच्या तेलात विझवून कडक केलं. असं कडक पोलाद काचेसारखं तडकतं, म्हणून मंदाताईंचा तवा न विचारता उचलला, त्यावर वाळू तापवली आणि पातं गव्हाच्या काडीच्या रंगावर येईपर्यंत त्याचा कडकपणा थोडा उतरवला. तव्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

राहिली मूठ. सूर्याजींचं म्हणणं असं, की पातं लोहाराचं, पण मूठ धरणाऱ्याची. त्यांनी शरयूला बोलावून घेतलं, तिच्या हातात कणकेचा गोळा दिला आणि म्हणाले, "भाजी कापतेस तशी आवळ." त्या ठशावरून शिसवी लाकडाच्या दोन फळ्या घडवल्या, पात्याच्या मुठीत जाणाऱ्या पोलादाच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळ्यांनी बसवल्या, घासून गुळगुळीत केल्या. शरयूने सुरी हातात घेतली, वर-खाली केली.

"छान आहे आबा. पण इथे, अंगठ्याच्या खाली, थोडंसं चुभतंय."

सूर्याजींनी चष्मा पुसला. "चुभतंय? कुठे?"

"इथे. उद्या येऊ का परत दाखवायला?"

दुसऱ्या दिवशी ती आली. अंगठ्याखालचं गेलं होतं, आता करंगळीपाशी लागत होतं. परवा आली तेव्हा तळव्यात. संध्याकाळी चारच्या सुमारास हजिऱ्याचा टांगा फुलबागेशी सोडून ती पाय ओढत यायची आणि दफ्तर सुटल्यावर संभाजीराव सायकलवर न्यायला यायचे. मधल्या वेळात मंदाताई तिच्या गुडघ्याला तेल चोळायच्या, पोहे करायच्या, दोघी आतल्या खोलीत कशाकशावर हसायच्या. सूर्याजींना ते हसणं ऐकू यायचं, पण त्यांची पाठ तिकडे असायची. ते शेगड्यात सुरी आवळून मुठीवर कानस चालवत असायचे. एवढं लाकूड काढलं तरी टोचतंय कसं? बोटांनी चाचपून बघायचे. त्यांच्या बोटांना कुठेच काही लागत नव्हतं. म्हणजे बोटंच गेली, दुसरं काय! डोळ्यांपाठोपाठ हीसुद्धा.

"आराम से करा ना आबा, घाई काय आहे," शरयू म्हणायची.

"घाई कशी नाही? खंडेनवमी आली."

घाई खरी होती. नवमीला हत्यारं नि अवजारं धुऊन, पुसून पूजेला मांडली की दसरा उलटेपर्यंत त्यांना कामाला हात लावायचा नाही, हा मोऱ्यांच्या घरातला दंडक. आणि दसरा उलटला की शरयूची गाडी. अष्टमीला तिने पुन्हा बोटांच्या पेरांशी लागतंय म्हणून सांगितलं. ती गेल्यावर सूर्याजींनी दात-ओठ खात मूठ दोन्ही अंगांनी खाली घेतली, जेवढी घेता आली तेवढी. काचकागद मारला.

नवमीला सकाळी त्यांनी सगळी अवजारं पाटावर मांडली. हातोडा, सांडशी, कानशी, शेगडाही उपसून आणला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, नमस्कार केला. ती सुरी तेवढी बाजूला ठेवली, पोरगी न्यायला येणार म्हणून. मग उठता उठता म्हणाले, "मंदा, दसरा झाला की हे सगळं कुणाला तरी देऊन टाकू. शेगडा आता परत ठोकायचा नाही."

"का?"

"पोरीच्या हाताला बसेल अशी मूठ होत नाही माझ्याने. रोज टोचते. हात गेला माझा. उगाच का ओझं ठेवायचं घरात!"

मंदाताईंच्या हातात निरांजन होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"अहो, कमाल आहे तुमची! मुठीला काही झालेलं नव्हतं. पहिल्या दिवशीच बसली होती तिच्या हातात."

"मग चुभतंय म्हणून का सांगते?"

"तिच्या घरातून माहेरी यायला कारण लागतं. आईची आठवण येते, हे कारण उषाताईंकडे चालत नाही. बाप सुरी करतोय, माप द्यायला जायचंय, हे चाललं. भोपाळला गेल्यावर तेही नाही. म्हणून पोरगी जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवत होती."

सूर्याजी पाटावरच बसले. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्हीही मुद्दामच लांबवताय."

पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तेच वाटलं. हात गेला नव्हता. बोटांना काही लागत नव्हतं, कारण लागण्यासारखं काही नव्हतंच. मग त्यांना पोरीचा राग आला, मग तो राग कुठे ठेवावा कळेना. आणि मग सगळ्यात मागून आलं ते सगळ्यात वाईट होतं: एवढ्या संध्याकाळी ती आपल्याला भेटायला येत होती आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. तेवढ्या सगळ्या वेळात तिला एकदा धड विचारलंसुद्धा नाही, की पोरी, तिकडे जायची भीती वाटते का गं?

त्यांनी सुरी उचलली. मूठ हातात घेतली मात्र, आणि त्यांचा चेहरा उतरला. पोरीच्या खोट्या टोचण्यापायी त्यांनी इतकं लाकूड घासलं होतं, की फळ्यांच्या मधल्या पोलादाची कड वर आली होती. आता मात्र ती खरोखरच टोचत होती. दोन हात कानस मारली असती तर कड बसली असती. कानस समोरच होती, हळदी-कुंकवाखाली. त्यांचा हात तिच्याकडे गेला. त्यांनी हात मागे घेतला.

दुपारी सगळेच आले. संभाजीराव, शरयू, आणि व्याह्यांचा निरोप घ्यायला म्हणून उषाताईसुद्धा. उषाताई बसल्या, हत्यारांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काय व्याहीबुवा, झाली का एकदाची ती सुरी? आमच्या सुनेच्या टांग्यांनी घोडा झिजला हो!"

शरयूने सुरी घेतली. मूठ आवळली. अंगठ्याच्या बुडाशी तिचं कातडं पांढरं पडलेलं सूर्याजींना त्या अधू डोळ्यांनीसुद्धा दिसलं. तिने वडिलांकडे बघितलं. आपण काय करून ठेवलं, हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिचे डोळे भरले. पण आवाज तिने साफ ठेवला.

"आता बिलकुल ठीक आहे आबा. कुठेच चुभत नाही."

"बघा, झालं काम," संभाजीराव म्हणाले.

झालंच असतं. एक शब्द न बोलता सूर्याजींचा हात उषाताईंच्या आणि सगळ्या गल्लीच्या नजरेत शाबूत राहिला असता. सिलेखान्यात मोठमोठ्या अंमलदारांनी वाखाणलेला हात. त्यांच्याजवळ दुसरं उरलंही काय होतं! ते पुढे झाले आणि शरयूच्या हातातून सुरी काढून घेऊन त्यांनी ती उषाताईंच्या पुढ्यात धरली.

"कुठलं झालंय, विहीणबाई! बिघडवली मी. ही बघा कड, हात लावून बघा. पोरगी बापाची लाज राखायला ठीक म्हणते. माझा हात राहिला नाही आता."

उषाताईंनी बोट फिरवलं आणि झटक्याने मागे घेतलं. "अगं बाई, खरंच की! मग घ्या ना अजून थोडी घासून."

"आज कशी घासू? हत्यारं पुजलेली. नि तुमची गाडी तर आलीच."

"मग ठेवून घ्या, सावकाश नीट करा, कुणी येणारं-जाणारं मिळालं की द्या पाठवून."

"हातावाचून मूठ होत नाही, विहीणबाई. माप तिच्याच हाताचं लागतं." सूर्याजींनी सुरी फडक्यात गुंडाळून लेकीच्या ओटीत ठेवली. "घेऊन जाऊ दे तिला. संक्रांतीला सुरीसकट इकडे पाठवा, म्हणजे लावून देतो."

शरयू खाली मान घालून फडक्याची गाठ मारत होती. ती गाठ काही केल्या बसेना. मंदाताई उगाचच आत निघून गेल्या.

उषाताईंनी जरा विचार केला. भाजी चिरायची वस्तू, सुनेचा हात कापला तर घरचंच काम अडायचं. "बरं, पाठवते संक्रांतीला," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा तरी नीट करा हो, व्याहीबुवा."

"बघतो," सूर्याजी म्हणाले. "पण म्हाताऱ्याचा हात आहे. एका खेपेत होईल असं वाटत नाही."